व्हिएतनामच्या राजाला हाक कशी मारायची? जुन्या दरबारी शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हनोईत चार वर्षं नोकरीला होतो. भाषा शिकलो ती थोडी क्लासमध्ये, थोडी ऑफिसात आणि बरीचशी घरमालकीणबाईंच्या टीव्हीसमोर बसून, आणि बाई दिवसभर राजेरजवाड्यांच्या सीरियल लावून ठेवायच्या, त्यामुळे झालं असं की कोथिंबिरीचा भाव विचारता येण्याआधी मला 'महाराज, अपराध पोटात घाला' म्हणता यायला लागलं. आता आपली बरीच मंडळी दानांग-ह्वे ट्रिपला जातात (ह्वे म्हणजे मध्य व्हिएतनाममधली जुनी राजधानी), राजवाडा बघून येतात आणि मला तेच तेच प्रश्न विचारतात. म्हटलं एकदा बसून सगळं टाइप करून टाकू, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

हे शब्द वाचायचे कसे? देवनागरीत नीट येतात का?

नीट नाही येत. व्हिएतनामीत (उत्तरेकडे तरी) सहा सूर आहेत, म्हणजे एकच 'हा' वर चढवला, खाली सोडला, घशात तोडला की अर्थ बदलतो, आणि आपल्याकडे सूर लिहायची सोय नाही. खाली 'बे हा' आणि 'बंग हा' असे दोन शब्द येतील, पहिला राजाला हाक मारायचा आणि दुसरा राजा गेला असं सांगायचा, आणि दोन्हीतला 'हा' वेगळा आहे बरं का, तेव्हा उगाच प्रयोग करू नका.

एक गोष्ट मात्र भारी आहे. शाळेत 'ङ' आणि 'ञ' ही अक्षरं आपण नुसती घोकली, कारण 'वाङ्मय' सोडलं तर 'ङ'ला कामच नसतं. व्हिएतनामीत शब्दाची सुरुवातच 'ङ'ने होते. तुम्ही बातम्यांत 'न्गुयेन' वाचता ते खरं 'ङुयेन'. त्या बिचाऱ्या अक्षराला नोकरी लागली एकदाची.

राजाला साधा शब्द काय?

'वुआ'. हा अस्सल देशी शब्द, चिनी दरबारातून आलेला नाही. जुन्या काळी त्याचा उच्चार 'बुआ'च्या जवळचा होता. आठव्या शतकात चिनी सत्तेविरुद्ध उठलेला फुंग हुंग नावाचा सरदार होता, त्याला लोकांनी दिलेली पदवी 'बो काय दाय वुअंग', आणि तिचा अर्थ पूर्वापार 'आईबाप महाराज' असा सांगतात. काही अभ्यासक म्हणतात की त्यातला 'बो' म्हणजे बाप नाहीच, तो हाच जुना 'बुआ', म्हणजे 'थोरला राजा'. मला मनातून पहिलाच अर्थ आवडतो, मायबाप सरकार म्हणणाऱ्या माणसाला तो लगेच कळतो.

नुसतं 'वुआ मिञ मांग' (राजा मिञ मांग) म्हटलं तर त्यात उद्धटपणा नाही, इतिहासाच्या पुस्तकात असंच लिहितात. जास्त आदर हवा असेल तर पुढे 'दुक' लावायचं, 'दुक वुआ'. दुक म्हणजे मूळात सद्गुण, पुण्य. आपण 'श्री' किंवा 'श्रीमंत' लावतो तसं.

'बे हा' म्हणजे 'महाराज' ना?

वापर तोच, पण अर्थ बघितला तर महाराज वगैरे काही नाहीये त्यात. 'बे' म्हणजे सिंहासनाखालच्या पायऱ्या किंवा चौथरा, 'हा' म्हणजे खाली. एकूण अर्थ 'पायऱ्यांच्या खाली'. इतकंच!

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं काहीतरी चुकतंय. मग क्लासमधल्या सरांनी समजावलं की राजाशी थेट बोलायची कोणाची टाप नव्हती, बोलायचं ते पायऱ्यांच्या खाली उभ्या असलेल्या सेवकांशी, ते वर पोचवणार. म्हणजे तुम्ही तोंडाने हाक मारताय पायऱ्यांखालच्या हुजऱ्याला आणि ऐकतोय वरचा. पुढे हुजऱ्या मधून गळाला आणि हाक तेवढी राहिली.

आणि ही एकच गंमत नाही, अख्खी उतरंड आहे त्याची. युवराज किंवा राजपुत्राला 'दिएन हा', म्हणजे 'महालाच्या खाली'. मोठा मंत्री, वकील (राजदूत या अर्थी) असेल तर 'काक हा', 'माडीच्या खाली'. बरोबरीच्या मित्राला पत्रात 'तुक हा', म्हणजे 'पायाखाली'. माणूस जेवढा मोठा तेवढा तुम्ही त्याच्यापासून लांबच्या जागेचं नाव घेता. आपली जुनी पत्रं आठवा, 'चरणी', 'सेवेशी', 'पायांशी विनंती', तिथेही आपण माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, पायाकडे बघतो. कल्पना तीच, फक्त यांनी पाय सोडून पायऱ्या धरल्या.

हाच 'हा' हनोईच्या वान मिएवबाहेर, म्हणजे कन्फ्यूशियसच्या देवळाबाहेर, दगडावर कोरलेला दिसेल, 'हा मा', म्हणजे 'घोड्यावरून खाली उतरा'. आता समोरून स्कूटरींचा लोंढा जातो, उतरत कोणीच नाही.

समोर बोलताना वाक्याची सुरुवात 'तौ बे हा' अशी. 'तौ' म्हणजे राजाला अर्ज करणं, कळवणं. अजून नम्रपणा हवा असेल तर 'मुओन तौ', म्हणजे 'दहा हजार वेळा अर्ज'. सीरियलमध्ये दर दोन मिनिटांनी कोणीतरी गुडघ्यावर पडून हेच म्हणत असतं.

राजा स्वतःला 'मी' म्हणायचा की 'आम्ही'?

आपल्याकडे ऐतिहासिक नाटकात राजा 'आम्ही' म्हणतो, तिकडे तसं बहुवचन नाही. तिकडे राजासाठी राखीव 'मी' आहे: 'त्रम'. दुसऱ्या कोणी तो वापरला तर सरळ बंडखोरी. मूळ शब्द चिनी, आणि चीनमध्ये आधी कोणीही स्वतःला तसं म्हणू शकायचा, पण इसवीसनपूर्व २२१ मध्ये पहिल्या चिनी सम्राटाने तो स्वतःपुरता राखून ठेवला. एका माणसाने अख्ख्या देशाचा एक 'मी' उचलून घरी नेला म्हणा ना.

व्हिएतनाममधलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १०१० सालचं. ली घराण्याचा पहिला राजा ली थाय तो याला राजधानी डोंगरातल्या ह्वा लुमधून हलवून आजच्या हनोईच्या जागी आणायची होती, त्याचं छोटंसं फर्मान आहे, तिथल्या मुलांना ते शाळेत असतं. त्यात आधीच्या घराण्यांनी हट्टाने तिथेच राहून लोकांचे हाल केले असं सांगून तो म्हणतो, 'त्रमला याचं फार दुःख होतं'. नंतर नवी जागा कशी सपाट, ऐसपैस, पुराची भीती नसलेली वगैरे सगळं एखाद्या बिल्डरसारखं पटवून देतो आणि शेवटी विचारतो, 'तुम्हा खाञ मंडळींना काय वाटतं?' 'खाञ' म्हणजे राजाने मंत्र्याला म्हणायचं 'तुम्ही'. लाडाचा मंत्री असेल तर 'आय खाञ', प्रिय खाञ. सम्राट सल्ला विचारतोय, फर्मानाचा शेवट प्रश्नाने होतोय, हे मला अजूनही फार छान वाटतं. अर्थात 'नको' म्हणायची हिंमत कोणाची होती ते सोडा.

दुसरा एक राखीव 'मी' आहे, 'क्वा ञन', म्हणजे 'पुण्य कमी पडलेला माणूस'. हा विनय. राजाने स्वतःबद्दल म्हणायचं, दुसऱ्याने त्याच्याबद्दल म्हटलं की मान गेलीच.

मग समोरचा माणूस स्वतःला काय म्हणवायचा?

मंत्री-सरदार 'थन' (सेवक, प्रजाजन), राणी 'थिएप' किंवा 'थन थिएप'. सीरियलमुळे हे शब्द तिकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतात.

पण खरी मजा रोजच्या भाषेत आहे. व्हिएतनामी शिकताना पहिल्या दिवशी 'मी'साठी शब्द शिकवतात तो 'तोय'. मीटिंगमध्ये, बातम्यांत, अनोळखी माणसाशी, सगळीकडे 'तोय'. आता जुना जोडशब्द बघा, 'वुआ तोय', म्हणजे 'राजा आणि त्याचे चाकर'. 'तोय' म्हणजे चाकर! आपण पत्राखाली 'आपला सेवक' लिहायचो तसा हा सेवक होता, आणि घासून घासून नुसता 'मी' होऊन बसला. राजा जाऊन ऐंशी वर्षं झाली, 'त्रम' म्युझियममध्ये गेला आणि चाकर मात्र रोज कामावर येतोय.

राजाचं नाव घेतलं तर काय व्हायचं?

याला 'की ह्वी' म्हणतात, म्हणजे नाव टाळणं. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, उखाण्यातच काय ते घेणार, आणि सासऱ्याचं नाव 'गोविंद' असेल तर सूनबाई गवारीलाही दुसरं काही म्हणणार, हे किस्से आजीकडून ऐकलेत ना? तसंच, पण अख्ख्या देशाला, कायद्याने. राजाचं, त्याच्या आईचं, आजोबांचं, कधीकधी युवराजाचं नाव ज्या अक्षरात येतं ते अक्षर बोलायचं नाही, लिहायचं नाही, किंवा एखादी रेघ गाळून लिहायचं. सरकारी परीक्षेत चुकून लिहिलं की पेपर बाद, मग निबंध कितीही सुंदर असो.

याचे वण भाषेवर अजून आहेत आणि मला हा भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, म्हणून जरा लांबण लावतो.

दक्षिणेत सोळाव्या शतकापासून ङुयेन सरदारांची सत्ता, त्यांचा मूळपुरुष ङुयेन ह्वांग. म्हणून दक्षिणेत 'ह्वांग' म्हणायची चोरी, लोक 'ह्विञ' म्हणायला लागले. त्याच घराण्याच्या नावात 'फुक' (म्हणजे सुख, भाग्य), तर दक्षिणेत त्याचं 'फुअक' झालं. आज एखाद्याचं आडनाव ह्वांग असेल तर घर बहुतेक उत्तरेकडचं, ह्विञ असेल तर दक्षिणेकडचं, आडनावावरून गाव ओळखायची आपली खोड तिकडेही चालते. राजपुत्र काञ म्हणून एक होता, तोच जो १७८७ मध्ये लहानपणी एका फ्रेंच पाद्र्याबरोबर फ्रान्सच्या दरबारात गेला होता, त्याच्यापायी कुंडीतल्या शोभेच्या झाडाला दक्षिणेत 'काय किएंग' म्हणतात, उत्तरेत सरळ 'काय काञ'.

ह्वेला गेलात तर दोंग बा मार्केटमध्ये जालच, शंकूसारख्या टोप्या आणि सुकी मासळी घ्यायला. त्याचं मूळ नाव 'दोंग ह्वा'. पण सम्राट मिञ मांगच्या एका राणीचं, म्हणजे पुढच्या राजाच्या आईचं नाव ह्वा (फूल). झालं, 'ह्वा' गेलं, 'बा' आलं. थाञ ह्वा नावाच्या अख्ख्या प्रांताचाही सूर त्याच बाईंसाठी बदलला, आणि तो आजतागायत बदललेलाच आहे. ही बाई बाळंतपणानंतर लगेच वारली, स्वतः कधी सम्राज्ञी म्हणून बसलीही नाही, पण मार्केटचं आणि प्रांताचं नाव फिरवून गेली.

मेलेल्यांनाही सूट नव्हती. ङो थी ञम हा अठराव्या शतकातला मोठा विद्वान, १८०३ मध्ये वारला. पुढे गादीवर आला तु दुक, त्याच्या नावांत 'थी'पण आणि 'ञम'पण. त्यामुळे थडग्यातल्या विद्वानाचं नाव कागदोपत्री 'ङो थोय ञिएम' झालं. दोन्ही नावं अजून चालतात, गुगल मॅप बघताना गोंधळ होतो तो त्यामुळे.

आणि १२३२ सालचं तर कहरच. त्रन घराणं गादीवर आलं, त्यांच्या आजोबांचं नाव 'ली', आणि आधीच्या राजघराण्याचं आडनावही 'ली'. हुकूम निघाला, सगळ्या ली लोकांनी आडनाव बदलून 'ङुयेन' लावायचं. निमित्त आजोबांचं, काम जुन्या घराण्याचं नाव पुसायचं. आज व्हिएतनाममध्ये जिथेतिथे ङुयेन भेटतात त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

मग मिञ मांग, तु दुक, बाओ दाय ही राजांची नावं नाहीत?

नाहीत. ती कारकिर्दीची नावं, म्हणजे त्या राजाच्या वर्षगणनेची. शक चालवल्यासारखं समजा. खरं नाव टाळायचं म्हणून लोक कारकिर्दीचं नाव घ्यायचे आणि तेच चिकटलं. मेल्यावर देवघरातलं वेगळं नाव मिळायचं, 'थाय तो' (थोर मूळपुरुष), 'थाञ तोंग' वगैरे.

आता राजा गेलाय पण देवघरातलं नाव अजून ठरलं नाही, त्या मधल्या दिवसांत काय म्हणायचं? 'दाय हाञ', मोठ्या प्रवासाला निघालेला. ले ह्वान नावाचा शूर राजा १००५ मध्ये गेला, मुलं गादीसाठी एकमेकांच्या जिवावर उठली, बापाला नाव द्यायचं राहूनच गेलं. म्हणून इतिहासात तो आजही 'ले दाय हाञ'. हजार वर्षं झाली, बिचारा प्रवासातच आहे.

त्याच्याच मुलाला बखरकारांनी दिलेलं नाव 'ङ्वा त्रिएउ', म्हणजे 'पडून दरबार भरवणारा', कारण बखरीत लिहिलंय की मूळव्याधीमुळे त्याला बसता यायचं नाही. पुढच्या घराण्याच्या राज्यात मागच्या राजाबद्दल लिहिलेलं आहे हे, तेव्हा सगळंच खरं धरू नका. पण आदराच्या या एवढ्या मोठ्या डोंगराखाली असा एखादा खवट उंदीर सापडतोच.

राजाच्या शरीराला, कपड्यांना वेगळे शब्द होते म्हणतात, ते कोणते?

'लाँग' म्हणजे ड्रॅगन, ते पुढे लावायचं. लाँग ञान म्हणजे राजाचा चेहरा, लाँग थे म्हणजे देह, लाँग बाओ म्हणजे झगा, लाँग सांग म्हणजे पलंग. राजाला ताप आला तर 'ताप आला' नाही म्हणायचं, 'लाँग थेला स्वस्थता नाही' म्हणायचं. राणीला ड्रॅगन नाही, तिला 'फुअंग', तिकडचा पुराणातला पक्षी.

दुसरा उपसर्ग 'ङु', राजाचं जे जे काही त्याला. ङु थिएन राजाचं जेवण, ङु यी राजवैद्य, ङु बुत राजाच्या हातचं अक्षर. ह्वेमध्ये राजाला जवळची माणसं 'ङाय ङु' म्हणायची. मला याला मराठीत एकच शब्द सुचतो, 'स्वारी'. महाराज आले नाही म्हणायचं, स्वारी आली म्हणायचं. माणसाऐवजी त्याच्या घोड्याचं नाव घेतलं की झालं काम.

राजा वारला तर काय म्हणायचं?

'बंग' किंवा 'बंग हा'. 'बंग' म्हणजे डोंगर कोसळणं. जुन्या चिनी विधिग्रंथात दर्जाप्रमाणे मरणाचे शब्दच वाटून दिलेत, सम्राट कोसळतो, त्याच्या खालच्या सरदाराला 'ह्वांग' (हा वेगळा, वर आलेला ह्वांग नव्हे), अधिकाऱ्याला 'तोत', आणि साधा माणूस आपला मरतो. बौद्ध भिक्षूसाठी अजून निराळा शब्द. आपल्या बखरीत महाराज 'कैलासवासी' होतात, तिकडे डोंगर कोसळतो, दोन्हीकडे डोंगर आहे हा योगायोग मला उगाचच आवडतो.

हा शब्द मेलेला नाही. २०१६ मध्ये थायलंडचे राजे भूमिबोल गेले तेव्हा व्हिएतनामी बातम्यांत 'बंग हा' वाचलेलं मला आठवतं. कम्युनिस्ट देशातल्या पेपरात हा शब्द बघून आपल्याला गंमत वाटते, त्यांना नाही वाटत.

'वुआ' आणि 'चुआ' यात फरक काय? गाइड दोन्ही म्हणत होता.

हे मराठी माणसाला समजावायला सगळ्यात सोपं. सातारा आणि पुणे! सोळाव्या शतकाच्या अखेरपासून पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ उत्तरेत ले घराण्याचा वुआ गादीवर आणि सगळा कारभार त्रिञ घराण्याच्या चुआकडे, वंशपरंपरेने. शाहू महाराज १७४९ मध्ये गेल्यावर आपल्याकडे जे चित्र होतं त्याच्या जवळचं. गादीचा मान राखायचा, मुलूख आपण चालवायचा. आणि दक्षिणेत ङुयेन चुआ, तेही नावाला ले राजाचेच सेवक. भाषेतही हद्द आखलेली, राजाला कळवायचं ते 'तौ', चुआला कळवायचं ते 'खाय'. चुकीचा शब्द वापरला की तुम्ही कोणाची बाजू घेताय ते उघड.

त्याच काळात तिथे आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांना देवासाठी शब्द हवा होता. त्यांनी उचलला 'चुआ'. आजही व्हिएतनामी ख्रिस्ती देवाला 'दुक चुआ त्रोय' म्हणतात, आकाशातला दुक चुआ. यातला सगळ्यात गाजलेला पाद्री अलेक्झांडर द रोड्स, ज्याचा १६५१ चा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश रोममध्ये छापला गेला, तो तिकडे जायच्या आधी १६१९ पासून दोनेक वर्षं आपल्या गोव्यात मुक्कामाला होता.

राण्या, राजपुत्र, राजकन्या यांना काय म्हणायचे?

यादी मोठी आहे, कामापुरती देतो. सम्राज्ञी 'ह्वांग हौ', राजमाता 'ह्वांग थाय हौ', राजपुत्र 'ह्वांग तु', राजकन्या 'कोंग चुआ', राजाचा जावई 'फो मा'. ङुयेन घराण्यात (दक्षिणेतले ते चुआच पुढे सगळ्या देशाचे सम्राट झाले) जिवंतपणी कोणाला ह्वांग हौ करायचं नाही असा पायंडा होता, तो मोडला शेवटच्या बाओ दायने, १९३४ मध्ये नाम फुअंगशी लग्न करून, आणि तिला राजाचा पिवळा रंग वापरायचीही परवानगी दिली.

नावांचं तर मिञ मांगने टाइमटेबलच करून ठेवलं. १८२३ मध्ये वीस अक्षरांची कविता केली, दर पिढीने पुढचं अक्षर नावात लावायचं: मिएन, होंग, उंग, बुउ, विञ... म्हणजे नाव ऐकून कितवी पिढी ते कळावं. शिवाय गादीवर बसल्यावर घ्यायची वीस नावं वेगळी, सगळ्यांत 'सूर्य' हे चिन्ह असलेली. वीस पिढ्यांची सोय! बाओ दायचं नाव विञ थ्वी, म्हणजे पाचवं अक्षर. तिथेच गादी संपली.

मुलींच्या नावात पिढीगणिक शब्द वाढत जायचे, राजपुत्राची नात, पणती, खापरपणती, सगळं नावातच: 'कोंग तांग तोन नु', 'कोंग ह्वियेन तोन नु' आणि मग पुढे खरं नाव. ह्वेमध्ये अशा नावाच्या आज्या अजून आहेत. बँकेच्या फॉर्ममधल्या चौकटी पुरत नसणार.

आणि एक अगदी ह्वेचाच शब्द, 'मे'. तिकडच्या बोलीत 'मे' म्हणजे आजी. पण राजघराण्यातल्या कोणालाही, मुलगा असो की मुलगी, पाच वर्षांचा असो की पन्नास, 'मे' म्हणायचे. पाच वर्षांच्या पोराला आजी! आपल्याकडे लहान मुलीला लाडाने 'आई गं माझी' म्हणतात, पण हा लाड नव्हता, हा मान होता.

हे सगळं चिनीच आहे का? आपलं काही नाही?

व्हिएतनामी दरबाराचं बरंचसं चिनी. पण मध्य व्हिएतनाममध्ये चंपा नावाचं राज्य होतं, तिथले राजे संस्कृत नावं घ्यायचे आणि शिवाची देवळं बांधायचे, 'मी सन' नावाच्या ठिकाणी ती बघायला मिळतात. १३०६ मध्ये व्हिएतनामी राजकन्या ह्वियेन त्रन हिचं लग्न चंपाच्या राजाशी लागलं, व्हिएतनामी कागदांत तो 'चे मन', स्वतःच्या शिलालेखांत 'जय सिंहवर्मन'. लग्नात चंपाने जो मुलूख दिला त्यात आजचा ह्वेचा भाग येतो.

हे बोलणं बंद कधी झालं?

तारीख सांगता येते, ३० ऑगस्ट १९४५. ह्वेच्या राजवाड्याच्या ङो मोन दरवाज्यावर बाओ दायने गादी सोडली, सोन्याचा शिक्का आणि तलवार नव्या सरकारच्या माणसांच्या हातात दिली. गुलाम देशाचा राजा होण्यापेक्षा स्वतंत्र देशाचा नागरिक होणं बरं, असं त्याच्या जाहीरनाम्यात होतं. सकाळी 'त्रम', संध्याकाळी 'नागरिक विञ थ्वी'. तसं दरबारी रीत ढिली करायला त्याने आधीच सुरुवात केली होती, १९३२ मध्ये फ्रान्सहून परतल्यावर लोटांगण बंद केलं होतं. तो शिक्का १८२३ सालचा, १०.७८ किलोचा, नंतर फ्रान्समध्ये गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये परत व्हिएतनामला आला.

मोठ्यांसाठी शब्द मात्र टिकले. बाओ दायच्या आईला ह्वेमधले लोक ती १९८० मध्ये जाईपर्यंत, आणि नंतरही, 'दुक तु कुंग' म्हणत राहिले.

आज कुठे ऐकू येतात हे शब्द?

देवळात आणि चर्चमध्ये 'दुक': दुक फात म्हणजे बुद्ध, दुक मे म्हणजे मेरी (हा 'मे' आईचा, ह्वेच्या आजीचा नव्हे). मंगोलांना हरवणारा सेनापती त्रन हुंग दाओ तर 'दुक थाञ त्रन' म्हणून पुजला जातो. फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त गोल करणारा 'वुआ फा लुओय', जाळी फाडणारा राजा. फळवाल्याकडे 'तिएन वुआ', म्हणजे 'राजाला नजराणा म्हणून जायचं ते', हे लेबल लावलं की भाव वाढला. बोटाएवढी सोनेरी केळी असतात, 'चुओय ङु', राजेळी म्हणा हवं तर, चवीला खरंच सुंदर.

आणि मांजर! व्हिएतनामी पोरंपोरी मांजराला लाडाने 'क्वांग थुअंग' म्हणतात. 'ह्वांग थुअंग' म्हणजे सम्राट, त्याला बोबडं केलं. आणि मांजर पाळणारा स्वतःला म्हणवतो 'सेन', म्हणजे मोलकरीण.

आम्ही ट्रिपला गेलो तर 'बे हा' वगैरे वापरू का?

कोणाला वापरणार? माणसांना नात्याने हाक मारा, बरोबरीच्या किंवा थोड्या मोठ्या पुरुषाला 'आञ' (दादा), बाईला 'ची' (ताई), म्हाताऱ्यांना 'ओंग', 'बा'. मी एकदा ऑफिसात साहेबांना चेष्टेत 'तौ बे हा' म्हटलं होतं, सगळे हसले, साहेबही हसले, पण नंतर एका सहकाऱ्याने बाजूला घेऊन सांगितलं की पुढे लोक तुला लाळघोट्या म्हणतील, आवर.

ह्वेच्या राजवाड्यात मात्र झगे भाड्याने मिळतात, पिवळा ड्रॅगनवाला झगा आणि टोपी घालून लाकडी सिंहासनावर फोटो काढता येतो. मी काढलाय, नाही कशाला म्हणू. भर उन्हाळा, आत टी-शर्ट घामाने चिकटलेला, टोपीची दोरी हनुवटीत रुतलेली, आणि फोटोवाला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतोय, 'बे हा, हनुवटी वर. बे हा, हसू नका, सम्राट हसत नाहीत.' चार फोटो झाले, मी उतरलो, झगा काढून दिला, आणि त्याने हात पुढे केला, 'आञ, सुट्टे आहेत का?'